भरलेल्या विहिरीचं गाव

महाड-पोलादपूरकडे जाऊन आलो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो : "मग रायगड चढलात ना?" नाही चढलो. पायथ्याच्या पाचाडलासुद्धा गेलो नाही. जायचं ठरलं होतं, नारळ-उदबत्तीही पिशवीत होती, ती तशीच परत आली. चार दिवसांत मी नीट पाहिली ती एक विहीर. ज्यांना गडाचं वर्णन हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. बाकीच्यांनी बरोबर यावं, पण फार आनंदाची आशा धरू नये.

आधी जाण्याचं कारण सांगतो. द्विभाषिक मोडून मराठी राज्य व्हावं म्हणून जी चळवळ झाली, तिच्यात मीही थोडे दिवस तुरुंगात जाऊन आलो. 'थोडे दिवस' हे बायकोच्या धाकानं लिहिलं आहे. एरवी ऐकणाऱ्याचं तोंड बघून मी ते दिवस कमीजास्त करतो. बराकीत माझ्याबरोबर लक्ष्मण जाधव होता. तो आमच्याच छापखान्यात कंपोझिटर, मी मुद्रितं तपासणारा. तिसरा बाळाराम कदम, गिरणी कामगार. लक्ष्मण आणि बाळाराम एकाच गावचे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे त्या गावचे. लक्ष्मण खालच्या वाडीतला. ती वाडी तीन-चार वर्षांपूर्वी बौद्ध झाली. बाळाराम गावातल्या पाटलाचा पुतण्या. मुंबईत दोघं दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि एकमेकांना ओळखही दाखवायचे नाहीत. तुरुंगात थाळे कमी पडले म्हणून आम्ही तिघं एका थाळ्यात जेवायला लागलो, आणि आठ दिवसांत बाळाराम लक्ष्मणच्या हातची विडी ओढू लागला.

एक दिवस लक्ष्मण सहज म्हणाला, "बाळाराम, हितं माझ्या थाळ्यात जेवतोस, पन गावाला माझ्या आईला विहिरीला हात लावून देत नाय तुमी." बाळारामनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "आपलं राज्य येऊ दे रे. पयली विहीर मोकळी करतो का नाय बघ. जबान हाय माजी."

लक्ष्मणची आई रखमाबाई. तिला मुंबईला आणायचं म्हणून तो सात-आठ वर्षं तिच्या मागं लागला होता. तिचं एकच उत्तर असायचं. गावच्या विहिरीचं पाणी माझ्या हातानं काढीन, मग येईन. तोवर नाही.

राज्य झालं. मुंबई दिव्यांनी न्हाऊन निघाली, पेढे वाटले गेले, आणि त्याच महिन्यात बाळारामचं कार्ड आलं. तो सुट्टी काढून गावाला गेला होता. 'विहीर खुली केली. रखमाकाकीने स्वतः पाणी काढले. दोघांनी येणे. पोलादपूरच्या स्टँडवर घ्यायला येतो.' लक्ष्मणनं ते कार्ड टायपाच्या खिळ्यांच्या खणाशेजारी उभं करून ठेवलं आणि दिवसभर एक ओळ धड जुळवली नाही. माझ्या बायकोनं मला फिरकीच्या झाकणाचा तांब्या दिला आणि बजावलं, "परमुलखाचं पाणी बाधतं तुम्हाला. यातलंच प्या." हा तांब्या ध्यानात ठेवा.

महाड

लाँच आणि एस. टी. यांच्याविषयी मी काही लिहीत नाही. धुळीनं दोघांचे केस पिकले आणि महाड आलं, एवढं पुरे.

महाड हे बाजाराचं आणि कोर्टाचं गाव. सावित्रीच्या पात्रात वैशाखात पाणी कमी आणि गोटे जास्त. चौकाचौकांतून राज्योत्सवाच्या पताका अजून लोंबत होत्या, उन्हानं त्यांचे रंग उडाले होते. खाणावळीत तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कुळथाचं पिठलं मिळालं. आमच्या देशावर ज्वारीच्या भाकरीला दात लागतात, इथली भाकरी नुसती तोंडात धरली तरी पुरे. मी चार खाल्ल्या. लक्ष्मण दोनवर थांबला. त्याचं लक्ष जेवणात नव्हतं.

जेवून तो मला चवदार तळ्यावर घेऊन गेला. पायऱ्यांवर दोन बायका धुणं आपटत होत्या, पाणी हिरवट आणि गप्प होतं. तीसेक वर्षांमागे लक्ष्मणचा बाप डोंगरातून चालत इथं आला होता आणि हजारो लोकांबरोबर तोही या तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायला होता. नंतर गावातल्या शहाण्यांनी घागरींनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं, हे आपण सगळे वाचून आहोत. लक्ष्मणचा बाप मात्र परतीच्या वाटेवर मार खाऊन घरी पोचला आणि मरेपर्यंत एका कानानं बहिरा राहिला. "आई सांगते, त्या कानात त्याला पाण्याचा आवाज यायचा," लक्ष्मण म्हणाला. त्यानं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, प्यायला, तोंड पुसलं. मीही वाकलो, पाणी डोळ्यांना लावलं आणि सोडून दिलं. हिरवट होतं ना!

मग आम्ही बाजारात आईसाठी लुगडं घ्यायला गेलो. दुकानदार साठीचा गुजराती म्हातारा, पण बोलणं अस्सल महाडचं. त्याच्या तीन पिढ्या इथंच नांदल्या. मी चळवळीतला आहे हे कळताच (मी ते कळेल अशी व्यवस्था केलीच होती) त्यानं कापड मोजायचा गज खाली ठेवला. "वेगळं झालात, बरं झालं," तो म्हणाला. "भाऊसुद्धा वेगळे होतातच. पण मला एक सांगा, आम्ही आता इथं पाहुणे का? काल एकजण दुकानासमोर ओरडून गेला, की शेठ, तुमचं राज्य तिकडं गेलं, तुम्ही कधी जाता?"

मला चेव आला. मी म्हटलं, "शेठ, नव्या राज्यात कुणी पाहुणा नाही न् कुणी यजमान नाही. सगळ्यांचे हक्क सारखे. मी शब्द देतो तुम्हाला." जसं काही राज्याच्या किल्ल्या माझ्याच कनवटीला होत्या! शेठनं हात जोडले आणि हिरवं, बारीक काठाचं लुगडं घडी मोडून दाखवलं. लक्ष्मणनं तेच घेतलं. "विहिरीवर जाताना नेस म्हणून सांगतो," तो म्हणाला.

पोलादपूर आणि पुढची चढण

पोलादपूरच्या स्टँडवर बाळाराम नव्हता. तासभर वाट पाहिली, दोन चहा झाले. मग लक्ष्मण म्हणाला, "भाताच्या रोपांसाठी राब भाजत असेल. चला, वाट माझ्या पायांना ठाऊक आहे."

वाट म्हणजे दगडांची उतरंड. दोन्ही अंगांना भाजलेल्या जमिनींचे काळे तुकडे, मधूनच करवंदीच्या जाळ्या. करवंदांवर मी आडवा हात मारला आणि अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. लक्ष्मणनं रानातल्या वेलानं तो बांधून दिला. मी बदकासारखा चालत होतो आणि तो हसत होता. या प्रवासातलं आमचं शेवटचं हसू तेच.

नदीकडून येणारी पायवाट जिथं मिळते तिथं बायकांची रांग लागली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. चढ असा की गुडघा छातीला लागावा. पुढची बाई टेकायला थांबली, घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं. मी आपला शहरी प्रश्न विचारला, "बाई, गावात विहीर नाही का?"

"हाय की," ती म्हणाली. "भरलेली हाय."

"मग इतक्या लांबून?"

तिनं लक्ष्मणकडं पाहिलं, नजर काढून घेतली आणि हंडा सावरून चालू लागली. मागची म्हातारी मात्र थांबली. "ती आता ह्यांची झाली," असं म्हणून तीही गेली. उरलेला चढ लक्ष्मण माझ्यासाठी न थांबता चढून गेला.

गाव

रखमाबाई सत्तरीच्या आसपासची, वाळल्या खारकेसारखी बाई. घर शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली तुरुंगातून लक्ष्मणनं पाठवलेलं पत्र काचेत लावलेलं. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिनं लोटीभर पाणी आणलं. "विहिरीचं हाय रे," ती म्हणाली. लक्ष्मण घटाघट प्यायला. मी माझ्या तांब्याची फिरकी काढली आणि म्हटलं, "माझ्याजवळ आहे आई, आत्ताच भरलंय." आत्ताच म्हणजे पोलादपूरच्या हॉटेलात. तिनं लोटी मुकाट्यानं मागं ठेवली. मला त्यात काही वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

झालं होतं ते असं. बाळारामनं गावकी बोलावली. या भागात गाव म्हणजे गावकी. देवाची पालखी कुणाच्या दारी थांबायची इथपासून मुंबईकरांनी किती वर्गणी पाठवायची इथपर्यंत सगळं ती ठरवते, आणि तिचा शब्द मोडला तर घर वाळीत पडतं. मग त्या घरी कुणी लग्नाला जात नाही, मयताला खांदा देत नाही. बाळारामनं गावकीत उभं राहून विचारलं, आपलं राज्य आलं, कायदा आहे, आता विहीर खुली करायची की नाही? गावकीनं मान डोलावली. कुणी विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामनं रखमाबाईच्या हातात दोर दिला, तिनं पोहरा सोडला, वाडीतल्या पंधरा-वीस बायकांनी कळशा भरल्या. बाळारामनं कार्ड लिहिलं ते त्याच दुपारी.

त्याच संध्याकाळी गावकी पुन्हा बसली, या वेळी बाळारामला न बोलावता. वाडीला कुणी अडवायचं नाही, असं ठरलं. कायदा आहे, उगाच फौजदार कशाला? फक्त गावातल्या कुणी त्या विहिरीवर जायचं नाही. जाईल ते घर वाळीत.

माणसाला वाळीत टाकल्याचं मी ऐकलं होतं. विहिरीला वाळीत टाकलेलं पहिल्यांदा पाहिलं.

लक्ष्मण ताडकन उठला. "कचेरीत अर्ज देऊ!"

"कचेरीचा मानूस येऊन गेला," रखमाबाई म्हणाली. "मला इचारलं, कोन आडवतं का? म्हटलं, नाय. कोन मारतं, बोलतं? नाय. त्यानं लिवलं, विहीर खुली, तक्रार नाय. माजा आंगठा घेतला नि गेला. खोटं काय लिवलं रे त्यानं?"

लक्ष्मण खाली बसला. अर्जात लिहायचं तरी काय? शेजारी आमच्याबरोबर पाणी भरत नाहीत, असा गुन्हा कुठल्या पुस्तकात नसतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो आहे, पण त्या कागदातली चूक मला सापडली नाही.

बाळारामचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाळारामकडे गेलो. तो ओटीवर बसला होता, आम्हाला बघून उठला नाही. आत त्याची बायको पाय लांब करून पडलेली. नदीवरच्या चढणीला हंड्यासकट घसरली, घोटा सुजून भोपळा झालेला, वर आंबेहळदीचा लेप. बाळारामची आई चुलीशी होती.

"स्टँडवर आलो नाय," बाळाराम जमिनीकडं बघत म्हणाला. "तोंड नव्हतं. पन मी जबान पाळली. लक्ष्मण, तू सांग, पाळली का नाय?"

"पाळलीस."

"मंग असा बगू नको माज्याकडं."

त्यानं स्वतः आत जाऊन दोन लोट्या आणल्या, एक मला दिली, एक लक्ष्मणच्या हातात. चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. पाणी नदीचं होतं, गढूळ, वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीनं भरलेलं. मी प्यायलो. हो, इथं मी तांब्याची फिरकी काढली नाही, लोटी सरळ तोंडाला लावली. लक्ष्मणनं लोटी हातात धरून ठेवली.

"वैनींचा पाय बरा होईतो आमच्या वाडीतल्या बाया पाणी आणून देतील," तो म्हणाला. "विहिरीचं. चढ नाही काही नाही."

बाळाराम चुलीकडं पाहत राहिला. आतून त्याची आई म्हणाली, "आमाला नको. आमची नदी हाय." मग जरा खालच्या आवाजात, "पोरीचं लगीन ऱ्हायलंय रे आजून. वाळीत पडून कसं चालंल आमाला?"

बाळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तुरुंगात लाठी खाऊन आला तेव्हाही हा गडी रडला नव्हता. लक्ष्मणनं लोटी न पिता अलगद खाली ठेवली आणि आम्ही निघालो. मला बाळारामची कीव आली आणि रागही आला.

विहीर

विहीर गावाच्या मध्यावर, आंब्याखाली. चिरेबंदी, सहा हातांवर पाणी, वैशाखातसुद्धा आभाळ दाखवणारं. काठावरच्या दगडांना दोरांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या खाचा पडलेल्या. चार बायका एकदम पोहरे सोडू शकतील एवढा ऐसपैस काठ, आणि तिथं चिटपाखरू नव्हतं. पिकून पडलेले आंबे कुणी उचलले नव्हते.

लक्ष्मण आईला म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं? पाणी काढलंस ना आपल्या हातानं? आता चल मुंबईला."

"काय झालं माज्या मनासारखं?" रखमाबाई म्हणाली. "रोज येते. माजी कळशी भरते. पंधरा-ईस बाया हुत्या पयल्या, आता त्याबी येईनात. म्हनतात, मोकळ्या विहिरीवर भ्या वाटतं. लक्ष्मना, नुसतं पानी पायजे हुतं व्हय रे मला? पानी नदीलाबी हाय. मला हितं उभं ऱ्हाऊन शेजारच्या बाईला म्हनायचं हुतं, 'सर गो जरा, माजी कळशी बुडू दे.' तिनं म्हनायचं, 'थांब गो, घाई काय?' एवढंच. आमी तिकडं लांब बसून कुनी पानी वाढायची वाट बगायचो ना, तवा ह्या बायांचं भांडान ऐकायला यायचं. त्यात मला एक डाव घुसायचं हुतं."

"मग ते काही होत नाही आता. चल तू."

"मी गेले तर हितं कोन येनार? चार दिसांनी म्हनतील, बगा, त्यास्नीबी नको हुती. पुन्ना दोर काढून घेतील." तिनं पोहरा सोडला. "नाय रे. म्या आता हलायची नाय."

लक्ष्मणनं पिशवीतून लुगडं काढून तिच्या खांद्यावर ठेवलं आणि तोंड फिरवून आंब्याकडं बघत उभा राहिला. ज्या दिवसासाठी ती सात-आठ वर्षं थांबली होती तो दिवस येऊन गेला होता, आणि त्यानंच तिला गावाशी जखडलं होतं. मला तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. भाषणं करायची मला सवय आहे. मी पडलेला एक आंबा उचलून पुसत राहिलो.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रखमाबाई नवं लुगडं नेसून विहिरीपर्यंत पोचवायला आली. कळशी भरून झाल्यावर ती माझ्या तांब्याकडं बघून म्हणाली, "आन बाबा, भरून देते. लांबची वाट हाय."

मी तांब्या पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाही. "खाली ठेव," म्हणाली. मी काठावर ठेवला. तिनं कळशी वीतभर उंच धरली आणि बारीक धारेनं माझा तांब्या भरला. कळशीचा काठ तांब्याला लागू दिला नाही, थेंब बाहेर सांडला नाही. दोन दिवस मी तिच्या घरी जेवलो होतो, झोपलो होतो, आणि प्यायलो होतो माझ्या तांब्यातलं. तिनं ते पाहिलं होतं. तिला राग आला नव्हता. पाहुण्याची रीत तिनं सांभाळली, एवढंच. पूर्वी याच काठावर, याच पद्धतीनं, लोक तिला पाणी वाढत.

'टेकवा हो कळशी' हे तीन शब्दांचं बोलणं माझ्या ओठांपर्यंत आलं. तिथंच राहिलं. मी फिरकी लावली, नमस्कार केला आणि डोंगर उतरलो.

पाचाडला जाण्याचा विषय कुणीच काढला नाही. महाडला गाडी वीस मिनिटं थांबली. खिडकीतून शेठचं दुकान दिसत होतं. तो गज हातात घेऊन कुणाला तरी कापड मोजून देत होता. खाली उतरून मी त्याला भेटायला हवं होतं. मी खिडकीची झडप ओढून घेतली.

गाडी सुटल्यावर लक्ष्मण म्हणाला, "तांब्या दे. तहान लागलीय." मी दिला. त्यानं मान मागं टाकली आणि तांब्या वर धरून, ओठ न लावता प्यायला लागला. गाडीच्या हिसक्यानं पाणी त्याच्या गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं.

"अरे, तोंड लावून पी की," मी म्हटलं.

त्यानं तांब्या खाली घेतला. फिरकी लावली, घट्ट लावली, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे आईपुढं म्हणायचं होतंस," तो म्हणाला.